उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांतील निर्मितीच्या दोन कथा: मुलांना काय सांगावे?

पत्राचा सारांश: अहिल्यानगर जिल्ह्यातील एका भगिनीचे हे पत्र आहे. त्या आपल्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतात. बायबलचे पहिले पुस्तक 'उत्पत्ती' शिकवायला घेतल्यावर एका मुलीने वर्गात विचारले की, पहिल्या अध्यायात आधी झाडे, मग मासे आणि पक्षी, मग जनावरे आणि शेवटी माणूस निर्माण होतो; दुसऱ्या अध्यायात मात्र आधी माणूस, मग बाग, मग जनावरे आणि सर्वांत शेवटी स्त्री येते; तर यातले खरे कोणते? "पुढच्या रविवारी सांगते," असे म्हणून भगिनींनी वेळ निभावली. मंडळीतील एका ज्येष्ठ वडिलांनी त्यांना बजावले की, मुलांच्या मनात शंका पेरणारे प्रश्न वर्गात वाढवू नयेत. पुण्यात शिकणारा त्यांचा भाचा मात्र म्हणतो की, ज्या ग्रंथाची पहिली दोन पानेच एकमेकांशी जुळत नाहीत, त्याच्या उरलेल्या पानांवर भरवसा कसा ठेवायचा? भगिनी लिहितात, "मुलांना खोटे उत्तर द्यायचे नाही आणि त्यांचा विश्वास डळमळावा असेही काही करायचे नाही. मी काय करू?"

प्रिय भगिनी,

तुमच्या वर्गातील त्या मुलीला जे दिसले, ते त्या पानांवर खरोखरच आहे. कित्येक मोठी माणसे ही दोन पाने आयुष्यभर ऐकतात आणि दोन्हींची मनातल्या मनात एकच कथा करून टाकतात. तिने तसे केले नाही. तेव्हा पहिली गोष्ट अशी की, तिच्या प्रश्नाला शंका म्हणू नका. ते लक्षपूर्वक केलेले वाचन आहे आणि पवित्र शास्त्राचा मान राखण्याची सुरुवात तिथूनच होते.

तुमच्या पत्रात तुम्ही, ते ज्येष्ठ वडील आणि भाचा असे तिघेजण बोलत आहात. तिघांची मते वेगळी असली तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की, हे दोन्ही अध्याय म्हणजे घटना कोणत्या क्रमाने घडल्या याची नोंद आहे आणि म्हणून क्रम जुळला नाही तर दोहोंपैकी एक नोंद चुकीची ठरते. त्या वडिलांना भीती वाटते ती यामुळे, भाच्याला आपण जिंकलो असे वाटते ते यामुळे आणि तुमची कोंडीही यामुळेच झाली आहे. ही समजूत तपासायची असेल, तर आधी दोन्ही कथा सावकाश आणि स्वतंत्रपणे वाचायला हव्यात.

पहिली कथा पहिल्या अध्यायाच्या शेवटी संपत नाही. सातव्या दिवसाचा देवाचा विसावा हा तिचा कळस आहे आणि तो दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या तीन वचनांत आहे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातील असून तिचे श्रेय सहसा स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूला दिले जाते. मूळ लेखकाने तिथे रेघ मारलेली नाही. चौथ्या वचनात आकाश व पृथ्वी यांच्या उत्पत्तीविषयी एक शीर्षकवजा ओळ येते आणि तिथून दुसऱ्या कथेकडे वळण लागते. आदाम, नोहा, तेरह, इसहाक, याकोब यांच्या कथांच्या आरंभीही अशीच ओळ आहे. म्हणजे ज्याने हे पुस्तक रचले, त्याने इथे नवा भाग सुरू होत असल्याची खूण स्वतःच करून ठेवली आहे.

आता पहिल्या कथेची बांधणी पाहा. पहिल्या दिवशी प्रकाश आणि चौथ्या दिवशी प्रकाश देणाऱ्या ज्योती. दुसऱ्या दिवशी वरचे आणि खालचे जल वेगळे करणारे अंतराळ आणि पाचव्या दिवशी त्या जलातले मासे व आकाशातले पक्षी. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन व वनस्पती आणि सहाव्या दिवशी त्या जमिनीवर राहणारे पशू व मनुष्य. आधी तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्या भरल्या जातात. "संध्याकाळ झाली व सकाळ झाली" हे पालुपद आणि "चांगले आहे" हा सात वेळा येणारा निर्वाळा यांमुळे सगळा अध्याय उपासनेत म्हणण्याच्या पाठासारखा वाटतो. त्यातच सूर्य चौथ्या दिवशी येतो आणि संध्याकाळ-सकाळ मात्र पहिल्या दिवसापासून होत असते. अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनने तिसऱ्या शतकातच विचारले होते की, सूर्य, चंद्र आणि तारे नसताना पहिला, दुसरा आणि तिसरा दिवस झाला, असे कोणता समंजस माणूस अक्षरशः मानेल? ओरिगेन चर्चमध्ये राहून, शास्त्रावर जीव टाकून हे विचारत होता. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आजच्या कॉलेजातून किंवा मोबाइलवरून आलेला नाही, हे त्या ज्येष्ठ वडिलांना सांगण्यासारखे आहे.

दुसरी कथा वाचायला घेतली की सारे वातावरण पालटते. पहिलीच्या आरंभी सगळीकडे पाणीच पाणी असते आणि त्यातून कोरडी जमीन वर यावी लागते. दुसरीच्या आरंभी जमीन कोरडी आहे, पाऊस पडलेला नाही आणि मशागत करायला माणूस नाही. पहिलीत देव बोलतो आणि तसे होते. दुसरीत तो मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, बाग लावतो, एकेक प्राणी घडवून त्याच्यापुढे आणतो. पहिलीत त्याला फक्त 'देव' म्हटले आहे आणि दुसरीत 'परमेश्वर देव'. मराठी बायबलमध्येही हा फरक बोट ठेवून दाखवता येतो. मला विशेष वाटते ते हे की, पहिल्या कथेत काळ आहे पण ठिकाण नाही आणि दुसरीत ठिकाण आहे पण दिवसांची मोजणी नाही. एदेनातून निघणाऱ्या नदीचे चार फाटे नावानिशी सांगितले आहेत आणि त्यांपैकी तैग्रिस व फरात आजही इराकमधून वाहतात. पहिल्या कथेत मनुष्याच्या निर्मितीनंतर सगळे "फार चांगले" आहे असे म्हटले आहे. दुसरीत मनुष्य घडल्यावर देवच म्हणतो की, त्याने एकटे असावे हे बरे नाही. उणेपणाचा हा शास्त्रातला पहिला उच्चार आहे आणि तो पापाविषयी नसून एकटेपणाविषयी आहे.

या दोन कथांचे नाते काय, याविषयी आजवर अनेक उत्तरे दिली गेली आहेत. ख्रिस्ताच्या काळातील यहुदी तत्त्वज्ञ फिलो म्हणे की, पहिल्या कथेतला मनुष्य म्हणजे देवाच्या प्रतिरूपातला स्वर्गीय मनुष्य आणि दुसरीतला म्हणजे मातीचा, देहधारी मनुष्य. अकराव्या शतकातील फ्रान्समधील यहुदी भाष्यकार राशी याचे म्हणणे असे की, आधी एखादी गोष्ट थोडक्यात सांगून मग ती तपशिलाने सांगणे ही शास्त्राची रीतच आहे. म्हणून दुसरी कथा म्हणजे पहिल्या कथेतील सहाव्या दिवसाचा विस्तार. आपल्या बहुतेक मंडळ्यांत हेच उत्तर दिले जाते आणि त्याला मोठी परंपरा आहे. मात्र त्यातली अडचण झाकून ठेवू नये. दुसऱ्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात माणसाच्या एकटेपणावर उपाय म्हणून देव पशू-पक्षी घडवतो, त्यांच्यात माणसाजोगे साहाय्य सापडत नाही आणि मग स्त्री घडवली जाते. ही अडचण टाळण्यासाठी काही इंग्रजी भाषांतरांत त्या ठिकाणी 'घडवले होते' असे क्रियापद योजलेले आहे. तसे मानले तर क्रम जुळतो खरा, पण कथेचा ओघ तुटतो, कारण सोबत शोधण्यासाठीच प्राणी घडवले, हे त्या कथेचे मर्म आहे.

१७५३ मध्ये झां आस्त्र्यूक या फ्रेंच वैद्याने नाव न देता एक पुस्तक छापले. देवाच्या दोन नावांच्या आधारे त्याने असे मांडले की, परंपरेने ज्याला उत्पत्तीचा लेखक मानले जाते त्या मोशेपुढे हे पुस्तक लिहिताना जुने लेख असावेत. लक्षात घ्या, मोशेचे लेखकत्व राखण्यासाठीच त्याने हा खटाटोप केला होता. पुढे १८७८ मध्ये यूलिउस वेलहाउझेन या जर्मन पंडिताने ही मांडणी पार वेगळ्या टोकाला नेली आणि पंचग्रंथात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, चार वेगवेगळे स्रोत असल्याचा सिद्धान्त रूढ केला. पहिली कथा याजकवर्गाच्या परंपरेतून, यहुद्यांच्या बाबेलमधील (बॅबिलोनमधील) बंदिवासाच्या आसपासच्या काळात, म्हणजे इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेमेचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतर, आजच्या रूपात आली असे आज बरेच अभ्यासक मानतात. दुसरीच्या काळाविषयी मात्र गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ वाद झाले आहेत. उंबेर्तो कासुतो या इटालियन यहुदी विद्वानाने १९३० च्या दशकात या सिद्धान्तालाच विरोध केला. देवाचे नाव विषयाप्रमाणे बदलते, त्यासाठी दोन लेखक कल्पण्याची गरज नाही, असे तो म्हणे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, या दोन वेगळ्या परंपरा आहेत असे मला वाटते. तरी माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. ज्याने त्या एकापुढे एक ठेवल्या, त्याला हा फरक दिसला नसेल का? एका लहान मुलीला जो पहिल्या वाचनात दिसला, तो हे ग्रंथ हाताने उतरवणाऱ्या आणि तोंडपाठ म्हणणाऱ्या माणसाला दिसला नाही, असे मानणे कठीण आहे. दोन-चार शब्द बदलले असते तरी क्रम जुळला असता. त्याने ते केले नाही. दोन्ही कथा त्याला मोलाच्या वाटल्या आणि एकीसाठी दुसरीचे तोंड बंद करायला तो तयार नव्हता, असाच याचा अर्थ मी घेतो.

शास्त्रात अन्यत्रही हे दिसते. लाल समुद्र ओलांडण्याची घटना निर्गमच्या चौदाव्या अध्यायात गद्यात आणि पंधराव्यात गीतात आहे. दबोरेचा विजय शास्ते या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात हकिगतीच्या रूपाने आणि पाचव्यात गाण्याच्या रूपाने येतो. ख्रिस्ताचे चरित्र तर चार वेळा सांगितले आहे. दुसऱ्या शतकात तातियन नावाच्या लेखकाने चारही शुभवर्तमानांचा एकच सलग ग्रंथ केला आणि सीरियातील मंडळ्यांत तो बराच काळ वाचला जात होता. पण पाचव्या शतकात तिथल्या बिशपांनी तो बाजूला ठेवून चार स्वतंत्र शुभवर्तमाने वाचनात आणली. सगळे फरक मिटवलेला एकच वृत्तान्त हाताशी असतानाही चर्चने चौघांचे स्वर राखणे पसंत केले, हे विसरू नका.

दोन्ही कथा राखल्यामुळे काय मिळते, हे समजायला पहिली कथा बाबेलच्या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. प्राचीन निनवे शहराच्या अवशेषांत सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरील बाबेलची सृष्टिकथा १८७६ मध्ये जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकाने प्रसिद्ध केली. तिच्यात मार्दुक देव आदिसागराची देवी तियामत हिला ठार करून तिच्या देहाच्या दोन भागांतून जग उभारतो आणि देवांचे कष्ट हलके व्हावेत म्हणून एका बंडखोर देवाच्या रक्तापासून माणूस बनवला जातो. त्या काळी देवाचे प्रतिरूप म्हणवून घेण्याचा मान राजाचा होता. अशा जगात उत्पत्तीची पहिली कथा सांगते की, प्रत्येक मनुष्य, नर आणि नारी दोघेही, देवाच्या प्रतिरूपाचे आहेत. आणि शेजारची राष्ट्रे ज्यांची पूजा करत, त्या सूर्य-चंद्रांना ती नावसुद्धा देत नाही, नुसती मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हणते. मंदिर गमावलेल्या आणि परक्या राजाच्या अमलाखाली गेलेल्या लोकांना ही कथा किती बळ देत असेल!

दुसरी कथा त्याच मनुष्याला सांगते की, तू मातीचा आहेस. पहिलीत त्याला पृथ्वी सत्तेखाली आणण्याची आज्ञा आहे, तर दुसरीत बागेची मशागत व राखण करण्याचे काम आहे. फक्त पहिलीच वाचली, तर माणूस पृथ्वीचा मालक असल्याच्या गुर्मीत जाऊ शकतो. फक्त दुसरीच वाचली, तर स्त्री नंतर घडली म्हणून ती दुय्यम, असा अर्थ काढणारे भेटतात. आपल्याकडे लग्नाच्या उपदेशातही तो ऐकू येतो आणि ऐकताना मला फार वाईट वाटते. जे शेवटी आले ते कमी दर्जाचे, हा नियम खरा असता, तर पहिल्या कथेप्रमाणे मनुष्यच सरपटणाऱ्या प्राण्यांहून हलका ठरला असता. दुसरीत स्त्रीला 'साहाय्यक' म्हटले आहे, हे खरे. पण आपले साहाय्य परमेश्वराकडून येते असे स्तोत्रकर्ताही गातो, आणि तेवढ्यावरून परमेश्वराला कोणी दुय्यम मानत नाही.

या दोन कथा एकत्र कशा वाचाव्यात, याचे उदाहरण येशूच्याच तोंडी आहे. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी) सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, प्रश्न घेऊन येतात. त्या वेळी येशू आधी पहिल्या कथेतले वचन सांगतो की, देवाने त्यांना नर व नारी असे निर्माण केले. आणि लगेच पुढे दुसऱ्या कथेतले वचन जोडतो की, म्हणून पुरुष आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील. क्रम कोणता खरा, याचा खल तो करत नाही. दोन्ही वचने एका दमात घेऊन तो त्यांतून एकमेकांशी असलेल्या निष्ठेविषयी सांगतो, आणि तेही ज्या स्त्रियांना सहज घराबाहेर काढले जाई त्यांच्या बाजूने. दोन्ही कथांना आपापले म्हणणे पूर्ण मांडू द्यावे आणि मग दोन्हींच्या प्रकाशात जगण्याचा प्रश्न सोडवावा, ही रीत मी त्या प्रसंगावरून घेतो.

आता वर्गाविषयी. दोन कथांसाठी दोन रविवार द्या आणि दोन्ही एकाच तासात उरकू नका. पहिल्या रविवारी १:१ ते २:३ मोठ्याने वाचा. पालुपद मुलांना एका सुरात म्हणू द्या आणि एका मोठ्या कागदावर सहा चौकोन, वर तीन आणि खाली तीन, आखून त्यांच्याकडून भरून घ्या. वरच्या आणि खालच्या चौकोनांचे नाते मुले स्वतःच ओळखतील. दुसऱ्या रविवारी २:४ पासून अध्यायाच्या शेवटापर्यंत वाचा आणि वेगळ्या कागदावर बाग, नद्या, मातीचा माणूस आणि नावे घेण्यासाठी रांगेने येणारे प्राणी काढायला सांगा. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून विचारा की, कोणत्या चित्रात देव दूरचा वाटतो आणि कोणत्या चित्रात जवळचा. फरकांची यादी मुलांनाच करू द्या आणि ती फळ्यावर लिहा. तुम्ही स्वतः फळ्यावर लिहिलेला फरक मुलांना दडवण्याजोगा वाटणार नाही.

"मग खरे कोणते?" हा प्रश्न पुन्हा येईल. तेव्हा साधारण असे सांगा: "दोन्ही कथा आपल्याला देवाविषयी आणि आपल्याविषयी खरे तेच सांगतात. कशानंतर काय झाले, हे सांगणे हा त्यांचा मुख्य उद्देश नाही. एक सांगते की सगळे जग देवाचे आहे आणि प्रत्येक माणूस त्याच्या प्रतिरूपाचा आहे. दुसरी सांगते की देव आपल्याजवळ येतो, आपल्याला घडवतो आणि कोणी एकटे राहावे असे त्याला वाटत नाही." नाताळच्या नाटकाचाही इथे चांगला उपयोग होईल. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात आहेत आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, मत्तयाच्या. रंगमंचावर आपण दोघांना एकत्र उभे करतो, तरी दोन वृत्तान्त वेगळे आहेत म्हणून नाताळवरचा आपला विश्वास ढळत नाही. स्रोतांचे सिद्धान्त आणि पंडितांची नावे या वयाच्या मुलांपुढे आणू नका. तरुण संघात मात्र आस्त्र्यूकपासून सगळे मोकळेपणाने सांगा. तिथे न सांगितलेली गोष्ट तरुण बाहेरून ऐकतात आणि ती आपल्यापासून लपवली होती, याचेच त्यांना दुःख होते.

त्या ज्येष्ठ वडिलांना वर्गाच्या आधी भेटा, नंतर नव्हे. त्यांची काळजी खरी आहे. विश्वासापासून दुरावलेली मुले त्यांनी पाहिली असतील. मत्तयाचा एकोणिसावा अध्याय त्यांच्यासोबत वाचा आणि तुम्ही मुलांना जे सांगणार आहात ते शब्दशः सांगा. पंडिता रमाबाईंची आठवणही करून द्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अनाथ मुली आणि विधवांचा एवढा मोठा संसार चालवत असतानाच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करत राहिल्या. शास्त्रातील शब्दन् शब्द पारखून पाहणे आणि त्याच शास्त्रावर जीव ओवाळून टाकणे या दोन गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र होत्या. एवढे सांगूनही ते नकोच म्हणाले, तर पाळकांशी बोला आणि तो पाठ पाळकांच्या उपस्थितीत घेण्याची तयारी दाखवा.

भाच्याशी वाद जिंकायला जाऊ नका. विसंगती नाही, असे त्याला सांगू नका, कारण क्रमातला फरक आहे आणि तो त्याने बरोबर पाहिला आहे. त्याला एवढेच विचारा की, संपादकाने हा फरक पुसला का नसावा? मग दुसरी कथा तिसऱ्या अध्यायापर्यंत त्याने एका बैठकीत वाचावी असे सुचवा, कारण बाग, झाड, सर्प आणि हद्दपारी ही सगळी मिळून एकच कथा आहे आणि दुसऱ्या अध्यायाशी थांबले की ती अर्धीच राहते.

ज्या वाचकांच्या हाती संडे स्कूलचा वर्ग नाही, पण घरी मुलांचे असेच प्रश्न येतात, त्यांनी कौटुंबिक प्रार्थनेत दोन संध्याकाळी या दोन कथा वाचाव्यात आणि तिसऱ्या संध्याकाळी एकशे चौथे स्तोत्र घ्यावे. सृष्टीविषयीचे ते तिसरे वर्णन आहे. त्यात दिवसांची मोजणी नाही आणि आदामही नाही. खडकांतले ससे, गंधसरूंवरची घरटी, रात्री गर्जना करणारे सिंह आणि सकाळी कामाला निघणारा माणूस मात्र आहेत. पहिल्या दोन कथांतले काय काय या स्तोत्रात भेटते आणि नवीन काय येते, हे मुलांना शोधायला सांगा.